मागे उभी राहणारी

पडणाऱ्या बाईला काखेत हात घालून धरायचं नाही. काखेत धरलं की ती दचकते, अंग आखडते आणि मग दोघी मिळून खाली जातात. दोन्ही तळहात तिच्या पाठीच्या फऱ्यांवर, खांद्यांखालच्या चपट्या हाडांवर ठेवायचे, आपला एक पाय मागे घ्यायचा, तिचं वजन आपल्या मांडीवर येऊ द्यायचं आणि हळूहळू खाली बसत तिला जमिनीवर ठेवायचं. डोकं सगळ्यात शेवटी. डोकं टेकलं की साडीच्या निऱ्या घोट्यापर्यंत ओढायच्या, वर चादर टाकायची आणि पुढच्या बाईमागे जाऊन उभं राहायचं. हे काम मी घाटकोपरला एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी केलं, कितीतरी वर्षं केलं, आणि खाली ठेवलेल्या प्रत्येक बाईवर जळत केलं. सगळ्यात जास्त जळले ती माझ्या धाकट्या जावेवर.

आम्ही काही मूळच्या येशूच्या प्रार्थनेला जाणाऱ्या नव्हतो. आमचं घर कोकणातलं, देवाला कौल लावणारं, शिमग्याला गावी जाणारं. माझे सासरे गिरणीत होते, नवरा गिरणीत होता, दीर नुकता लागला होता. मग संप झाला. तो मिटला असं कोणी म्हणत नाही, तो नुसता विरत गेला. गिरणी गेली, पाठोपाठ सासरे गेले, परळची खोली गेली, आणि आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर एका पत्र्याच्या खोलीत आलो. सासूबाई, मी, माझी दोन मुलं, दीर आणि त्याची बायको. माझे यजमान गोरेगावला एका फिल्म स्टुडिओच्या गेटवर वॉचमन लागले. ते तिकडेच झोपत आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी घरी येत. लोक मला विचारत, हिरो-हिरोइनी दिसतात का गं तुझ्या नवऱ्याला? मला नवराच दिसत नव्हता.

नळ डोंगराच्या पायथ्याशी होता आणि खोली वर. हंडे मीच चढवायची. एक डोक्यावर, एक कमरेवर. धाकटी बारीक अंगाची, तिला एक कळशी घेऊन दोनदा थांबावं लागे. पुढे ती गरोदर राहिली तेव्हा कळशीही बंद झाली. ते बरोबरच होतं. आठव्या महिन्यात तिचं मूल पोटातच गेलं.

हॉस्पिटलातून आली ती गप्प होऊन आली. ताटासमोर बसे आणि ताटाकडे बघत राही. वेणी घालायला सांगावी लागे. रडली मात्र नाही. सासूबाई तिच्यासमोर बसून सांगत, "रड गो बाये, रड. रडल्याशिवाय जाऊचा नाय ता." पण ती नुसती मान हलवी. मला तिची दया येत होती, खोटं कशाला बोलू? पण दया करता करता तिच्या वाटची भांडीही मीच घासत होते, तिच्या नवऱ्याचे शर्टही मीच धूत होते, आणि महिना होत आला तसा दयेचेही हात दुखायला लागले.

आमच्यापासून दोन खोल्या सोडून एक नर्सबाई राहायच्या. महापालिकेच्या हॉस्पिटलात कामाला, आमच्याच बाजूच्या, कोकणातल्याच. पण मधल्या काळात त्या 'विश्वासात' आल्या होत्या. म्हणजे येशूला मानायला लागल्या होत्या, आणि दर रविवारी पांढरी साडी नेसून प्रार्थनेला जायच्या. धाकटीला त्यांनी वॉर्डात बघितलं होतं. एक दिवस त्या सासूबाईंना म्हणाल्या, "रविवारी हिला माझ्याबरोबर पाठवा. काही करायला नको, नुसती बसेल. गाणी असतात, जरा बरं वाटेल."

सासूबाईंच्या डोक्यात गावाकडच्या जुन्या गोष्टी. कोणा पाद्र्याने विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेलं अख्खं गाव बाटलं, अशा. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी हुकूम सोडला. "जा. पन थंय पाण्याचो थेंब पिव नको. पाव दिल्यानी तरी हात लावू नको. आनि एकटी जाव नको. थोरले, तू जा गो तिच्या वांगडा."

म्हणून मी गेले. सोबत म्हणून. हातात घरच्या पाण्याची बाटली घेऊन. तुला यायचंय का, तुझं काही दुखतंय का, हे मला कोणी विचारलं नाही.

शाळेचा हॉल होता तो. बाकं भिंतीला सारलेली, जमिनीवर सतरंज्या, उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. एक जण गिटार वाजवायचा, एक मुलगी खंजिरी. पास्टर वाकोल्याहून यायचे, मल्याळी होते आणि हिंदीत बोलायचे. त्यांच्या शेजारी एक सडपातळ गृहस्थ उभे राहून मराठी करून सांगायचे. पास्टरांनी हात वर केला की हे हात वर करत, पास्टरांचा आवाज भरून आला की क्षणभराने यांचाही भरून येई. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून बसले.

भाषण संपलं की गिटार हळू वाजायला लागे. मग ती घटका यायची, जिला तिथले सगळे ऑल्टर कॉल म्हणत. ऑल्टर म्हणजे वेदी, असं नर्सबाईंनी मला सांगितलं. वेदी कुठे होती? शाळेचं स्टेज आणि आमच्या सतरंज्या यांच्यामध्ये थोडी मोकळी फरशी होती, एरवी तिथे पोरं प्रार्थनेला ओळीत उभी राहत, तीच वेदी. पास्टर म्हणायचे, डोळे मिटा, कोणी कोणाकडे बघू नका. इथे आज कोणी थकलेलं आहे. कोणी आतून मोडलेलं आहे आणि घरात कोणाला ते ठाऊक नाही. तो तुम्हाला बोलावतोय, उठा, पुढे या. एकेक जण उठून त्या फरशीवर जाऊन उभा राही. गिटार चालूच. बरीच माणसं पुढे आली तरी पास्टर थांबायचे नाहीत. "अजून एक जण आहे," म्हणायचे. "मला ठाऊक आहे, अजून एक जण बसून आहे." मला दर वेळी वाटायचं, ती मीच. आणि दर वेळी मी बाटली मांडीवर घट्ट धरून बसून राहायची.

त्या पहिल्या रविवारी धाकटी उठली. मी तिचा पदर ओढला. "बस गं, कुठे चाललीस?" तिला ऐकूच आलं नाही. ती निघाली तशी मीही मागोमाग, सोबतीला आलेली ना मी. पास्टर ओळीने प्रत्येकाच्या कपाळाला बोटाने तेल लावून डोक्यावर हात ठेवत होते. हिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ही सरळ मागे कोसळली. बायकांना धरायला एक म्हाताऱ्या आंटी होत्या, त्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला. हंडा निसटला की हात कसे आपोआप जातात, तसे माझे गेले. तिला खाली ठेवलं. आणि ती रडायला लागली. मूल गेल्यापासून पहिल्यांदा. ओठ काहीतरी पुटपुटत होते, डोळ्यांतून धारा, सगळे भोवती हालेलुया म्हणत होते आणि मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बावळटासारखी बसले होते.

नर्सबाई आल्या, चादर टाकली आणि माझ्या मनगटांकडे बघून म्हणाल्या, "तुझे हात चांगले आहेत. तू मागे उभी राहत जा." मला त्या क्षणी बरं वाटलं. कोणीतरी माझं काहीतरी बघितलं होतं. ते बरं वाटणं पुढच्याच रविवारी संपलं, कारण मागे उभं राहायचं काम मिळालेली बाई पुढे जाऊ शकत नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

घरी आलो तर सासूबाई तांदूळ निवडत होत्या. काय झालं ते मी सांगितलं. पडली, रडली, काहीतरी पुटपुटत होती. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "म्हणजे आंगात इला की तिच्या!"

"अहो आई, ते ख्रिस्ती लोक. अंगात येणं वेगळं, हे वेगळं."

"काय वेगळा? हात लावल्यार पडली, बोलाक लागली, डोळ्यांत पाणी. देव कोणाचोय असांदे. येता मा? मग झाला."

सासूबाईंच्या भावाच्या अंगात गावच्या देवाचं वारं यायचं. जत्रेत तो उभा राहिला की अख्खा गाव हात जोडून उभा राहायचा, पाटलापासून सगळे. त्यांना तेवढंच माहीत होतं, त्यामुळे त्यांचा हिशेब सरळ होता. त्या दिवसापासून धाकटी रविवारी दुपारी घरी आली की तिच्यासाठी पाट मांडला जाई. तिच्यासमोर चिमूटभर तांदूळ ठेवून सासूबाई दिराच्या नोकरीसाठी कौल लावत. "माझ्या झिलाक काम मेळात काय नाय, सांग." धाकटी घाबरून माझ्याकडे बघे. मी भाकऱ्या थापत असे. ती गप्प राहिली की सासूबाई खूश. "गप रवली म्हणजे होकार."

म्हणजे बघा. पंधरा वर्षं त्या घरात राबले मी. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारात त्यांचं सगळं केलं मी. आणि पाटावर कोण? जिला भाकरी धड गोल थापता येत नाही ती. मी डोंगर चढून हंडे आणते तेव्हा कोणी म्हणालं नाही हिच्या अंगात काही येतं म्हणून. ही पडते आणि देव होते. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

पडतही असे ती रविवारच्या रविवारी. एकही चुकवला नाही. आणि पडायची पण अशी की बघत राहावं. आता इतक्या बायकांच्या मागे उभं राहिल्यावर मला कळायला लागलं होतं. एक भाजीवाली होती, ती पुढे जायच्या आधी चपला नीट भिंतीकडे ठेवायची, पिशवी शेजारणीकडे द्यायची आणि मग पडायची. एक शाळामास्तरीण होती, ती मी मागे येऊन उभी राहीपर्यंत ताठ असायची, मी आले की टाचेने माझा पाय चाचपून बघायची आणि मग जायची. बहुतेक जणी पडायच्या आधी एकदा मागे बघायच्या. अगदी जराशी मान वळवून. त्यांना मी नावं ठेवत नाही, फरशी कोणाच्या डोक्याला नको असते.

धाकटी कधी मागे बघत नसे. डोळे मिटलेले, हात खाली सोडलेले, आणि कपाळाला हात लागला की भिंत पडावी तशी सरळ मागे. गुडघा वाकवायची नाही, हात सावरायला मागे करायची नाही. मी त्याचा एकच अर्थ लावला. बाकीच्या पडतात, हिला पाडलं जातं. बाकीच्यांचं मला ठाऊक नाही, पण हिच्यात खरंच कोणीतरी येतो. आणि तो माझ्या अगदी समोर, माझ्या तळहातांपासून हातभर अंतरावर येऊन मला ओलांडून हिच्यात जातो. तिच्या पाठीवर माझे हात असायचे, तिचं अंग सैल झालेलं मला कळायचं, त्यातलं थेंबभर तरी माझ्या हातांत यावं असं वाटायचं. यायचं ते वजन.

एकदा मी नर्सबाईंना विचारलंच. "बाई, मला का नाही हो होत तसं?"

"तू पुढे कुठे जातेस? तू तर मागे असतेस."

"मग मागे कोण उभं राहील?"

"बघू," त्या म्हणाल्या. "मिळेल कोणीतरी."

कोणी मिळालं नाही. आंटी अजून म्हाताऱ्या झाल्या, एवढंच.

मग दिराला काम लागलं. विक्रोळीला एका कारखान्यात, पॅकिंगला. ते काम कसं लागलं ते सांगते. नर्सबाईंचे मेहुणे तिथे सुपरवायझर होते. मी नर्सबाईंच्या मागे लागले, त्यांच्या दारी चारदा गेले, दिराला न्हावी गाठायला लावला, धुतलेला शर्ट घालून मेहुण्यांकडे पाठवला. काम मी लावलं. श्रेय पाटाला गेलं. सासूबाईंनी नारळ फोडला आणि पहिली खोबऱ्याची कवड धाकटीच्या हातात दिली. दीरही बायकोकडे असा बघायला लागला की काही विचारू नका. ती म्हणाली, "आई, वहिनींनी केलं ते." तर सासूबाई म्हणाल्या, देव कोणाच्या तरी हातानंच करता. म्हणजे इथेही मी हातच.

दिराचा पगार सुरू झाला तसा खोलीत माळा घालायचं ठरलं. फळ्यांचा, शिडीचा, एका नवरा-बायकोपुरता. आमच्यासारख्या घरात माळा म्हणजे काय ते माळा नसलेल्यालाच कळेल. माझे यजमान घरी येत त्या रात्री आम्ही दोघं मुलांच्या पलीकडे भिंतीला चिकटून झोपायचो आणि बोलायचं असलं तर खुणेने. त्यांना मी कितीतरी दिवसांत आवाजात काही सांगितलं नव्हतं. माळा थोरल्यांचा, यात विचारण्यासारखं काय होतं? मनातल्या मनात तिथे माझी ट्रंकही ठेवून झाली होती.

शनिवारी सुतार शेवटचे खिळे मारून गेला. सासूबाईंनी धाकटीची वळकटी उचलून शिडीपाशी ठेवली. "देव येता तिच्या आंगात," त्या मला समजावल्यासारख्या म्हणाल्या. "ती अशी सगळ्यांच्या पायांत निजली तर बरा दिसता?"

धाकटी म्हणाली, "नको आई, वहिनींना द्या." पण हळू म्हणाली. मला वाटलं, मुद्दाम हळू म्हणाली. मी भांडी आपटली, मुलांना उगाच फटके दिले आणि न जेवता झोपले. वर फळ्या करकरत होत्या. ती कूस बदलत होती की ती दोघं बोलत होती, मला ठाऊक नाही, पण मी सगळी रात्र त्या फळ्यांकडे बघत जळत होते.

रविवारी गिटार हळू झाली. पास्टर म्हणाले, अजून एक जण आहे. मी चादरींची घडी आंटींच्या हातात दिली आणि पुढे जाऊन उभी राहिले. धाकटीच्या अगदी शेजारी. नर्सबाई माझ्याकडे बघत होत्या, बघू देत. मला पडायचं होतं. हिच्यासारखं, हिच्याहून जोरात. सगळ्या हॉलने बघावं, घरी जाऊन कोणीतरी सांगावं, थोरलीही पडली.

पास्टर आले. कपाळाला तेल लागलं. हात डोक्यावर आला, जड, गरम. "छोड़ दो, बहन." शेजारचे गृहस्थ म्हणाले, "सोडून द्या, ताई, सगळं सोडून द्या." मी डोळे घट्ट मिटले. आता येईल, आता येईल. तेलाचा ओघळ नाकावर आला. मला खाज सुटली. डावीकडे भाजीवाली गेली, तिच्या पलीकडे कोणीतरी गेली, आणि मी खांबासारखी उभी. मग वाटलं, नाही येत तर नाही, आपणच जाऊ. गुडघे सैल करून बघितले. आणि मी मागे वळून बघितलं. मागे आंटी उभ्या होत्या, चादरींचा ढीग छातीशी धरून. त्यांचे हात त्या ढिगातच अडकले होते. माझे गुडघे पुन्हा ताठ झाले. पास्टर क्षणभर थांबले आणि पुढे सरकले.

पुढे धाकटी होती. तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती उभीच राहिली. पास्टरांनी पुन्हा प्रार्थना केली, गृहस्थांनी पुन्हा मराठी केली, सगळ्या बायका टक लावून बघत होत्या, कारण ही पडणार हे ठरलेलं. ती पडली नाही. आम्ही दोघी जावा शेजारी शेजारी उभ्या, तेलकट कपाळांच्या. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! माझं झालं नाही ते झालं नाही, पण तिचंही झालं नाही. जागेवर परत आले तेव्हा मी जवळजवळ हसत होते.

घरी जाताना डोंगराच्या पायऱ्यांवर मी तिला गाठलं. नर्सबाई ड्यूटीवर गेल्या होत्या, आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "काय गं, आज तुझा देव रजेवर होता वाटतं?"

ती थांबली. तिला तसाही दम लागतो. "तू मागे नव्हतीस, वहिनी," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तू मागे नव्हतीस. मग कशी पडू?"

मला काही कळेना. मी म्हटलं, पडतेस ते काय माझ्यामुळे पडतेस? तर ती पायरीवर बसली. खालून कोणीतरी कळशी घेऊन येत होतं, त्याला वाट देऊन मग बोलली.

"हॉस्पिटलातून आले तेव्हापासून मला कुठेतरी कोसळायचं होतं. पण कुठे कोसळणार? घरी आई बघतायत, हे बघतायत, तू हंडे आणतेयस. सगळे म्हणतात रड, आणि समोर बसून बघत राहतात. त्या दिवशी हॉलमध्ये मला चक्कर आली, एवढंच. वाटलं डोकं फुटणार. तर तू धरलंस. मग दर रविवारी मी वाटच बघायची. देव येतो का नाही ते मला नाही गं ठाऊक. तुझे हात येतात ते ठाऊक आहे."

मी म्हटलं, "मग मागे कधी बघत का नाहीस?"

"कशाला बघू? तू असतेसच ना."

तिथे मला गहिवर यायला हवा होता. आला नाही. मला इतका राग आला की पायरीवरचा दगड उचलून फेकावासा वाटला. म्हणजे इतके महिने मी जिच्यावर जळत होते तिला देव मिळालाच नव्हता, तिला मी मिळाले होते. आणि मला? मला कोण मिळालं होतं? हात चादरींत अडकलेली एक म्हातारी. "तुझं बरं आहे," मी म्हटलं. "तुझ्या मागे मी आहे. माझ्या मागे कोण आहे?" बोलता बोलता माझाच आवाज फाटला.

ती म्हणाली, "मी राहते की. पुढच्या रविवारी तू पड. मी धरते."

मी हसले. "तू? कळशी उचलत नाही तुला."

"धरते म्हटलं ना."

घरी तिने सासूबाईंना काय सांगितलं कोण जाणे. मी पाणी घेऊन वर आले तर तिची वळकटी पुन्हा खाली होती आणि माझी ट्रंक माळ्यावर. सासूबाई तोंड फुगवून बसल्या होत्या आणि पाट भिंतीला उभा केलेला होता. तिने दिलं म्हणून मिळालं, हे मला खुपतच होतं.

पुढच्या रविवारी ती खरोखरच चादरी घेऊन मागे उभी राहिली. नर्सबाईंनी भुवया उंचावल्या. मी पुढे जाता जाता तिला सांगायला लागले. काखेत धरू नको. फऱ्यांवर हात ठेव. एक पाय मागे.

"माहितीये गं," ती म्हणाली. "इतके रविवार तुझे हात माझ्या पाठीवर होते, मला ठाऊक नाही कुठे ठेवायचे?"

पास्टर आले. तेल लागलं, हात डोक्यावर आला. सोडून द्या, ताई. आणि माझ्या पाठीवर, बरोबर फऱ्यांवर, दोन लहान तळहात येऊन टेकले. मी पडायची वाट न बघता ते आधीच आले होते. ऊबदार होते. कोणी माझ्या पाठीला असा हात लावल्याचं मला आठवत नव्हतं. गुडघे आपोआप सैल झाले, आणि मला वाटलं, आता. त्याच वेळी मनात आलं, ही चिरडेल. हिची मनगटं मोडतील. माझं डोकं फुटलं तर उद्या पाणी कोण आणेल, पोरांचे डबे कोण करेल? मी मागे बघितलं.

ती डोळे मिटून उभी होती. एक पाय मागे, अगदी मी करते तशी. माझी पाठ वळल्याचं तिच्या हातांना कळलं असणार, कारण डोळे न उघडताच ती हळू म्हणाली, "मागे बघू नको ना, वहिनी. मी आहे."

मी मान पुढे केली. डोळे मिटले. पास्टरांनी पुन्हा डोक्यावर हात ठेवला, या वेळी जरा जास्त वेळ ठेवला. पाठीवरचे हात हलले नव्हते. आणि मी पुन्हा मागे बघितलं.

त्यानंतरच्या रविवारी मी माझ्या जागी परत आले. धाकटी पुढे गेली, हात खाली सोडले, डोळे मिटले आणि मागे न बघता पडली. मी तिला धरलं, सावकाश खाली ठेवलं, डोकं सगळ्यात शेवटी. निऱ्या ओढल्या, चादर टाकली आणि तिच्यावर जळत जळत पुढच्या बाईमागे जाऊन उभी राहिले.